जुन्या लाउडस्पीकरमधील क्रॉसओव्हरची बदली आणि ‘मूळ’ या संकल्पनेचा प्रश्न : बीबीसी एलएस३/५ए च्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोध आणि शोधक यांना जेवढे स्थान मिळते तेवढे दुरुस्तीला मिळत नाही. एखादे यंत्र कोणी, केव्हा व कोठे तयार केले याची नोंद होते. परंतु पुढील तीस-चाळीस वर्षांत त्याचे कोणते भाग बदलले गेले, कोणी बदलले आणि त्या बदलामुळे यंत्राचे मूळ स्वरूप कितपत शिल्लक राहिले, याची नोंद क्वचितच होते. नाणे, ताम्रपट किंवा तलवार यांच्या बाबतीत ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण त्या वस्तूंना आज काही काम करून दाखवावे लागत नाही. ध्वनियंत्रांची गोष्ट निराळी आहे. जुना लाउडस्पीकर इतिहासाचे साधन म्हणून उपयोगी पडायचा असेल तर तो वाजला पाहिजे. आणि तो नीट वाजावा म्हणून त्याच्या आतील काही भाग बदलणे अनेकदा अटळ ठरते. साधन टिकवण्यासाठी साधनात ढवळाढवळ करावी लागते, अशी ही अडचणीची परिस्थिती आहे.

या बदलांमध्ये सर्वाधिक वेळा होणारा आणि सर्वाधिक वाद निर्माण करणारा बदल म्हणजे क्रॉसओव्हरचा होय. प्रस्तुत निबंधात ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन अर्थात बीबीसीने विकसित केलेल्या एलएस३/५ए या छोट्या मॉनिटर लाउडस्पीकरच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार केला आहे. तुलनेसाठी अमेरिकेतील अल्टेक लान्सिंग ६०४ या लाउडस्पीकरचे उदाहरण घेतले आहे. क्रॉसओव्हरला सुटा, केव्हाही अदलाबदल करता येण्याजोगा भाग मानल्यामुळे या विषयावरील चर्चा बरीच भरकटली आहे, असे या दोन उदाहरणांवरून दिसते.

क्रॉसओव्हरचे कार्य :

मानवी कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ या वारंवारतेचे ध्वनी ऐकू येतात. एकाच शंकूकडून हा सारा पल्ला समाधानकारकपणे वाजवून घेणे अवघड असते. म्हणून खालच्या सुरांसाठी मोठा वूफर आणि वरच्या सुरांसाठी लहान ट्वीटर अशी विभागणी करण्यात आली. अॅम्प्लिफायरकडून येणारा विद्युत्-संकेत या दोघांमध्ये वाटून देणारे, कपॅसिटर, तारेची कॉइल आणि रेझिस्टर यांचे मंडल म्हणजे क्रॉसओव्हर. कपॅसिटर खालच्या वारंवारता अडवतो, कॉइल वरच्या अडवते. या दोन गुणधर्मांच्या मेळातून ही वाटणी साधली जाते.

या मंडलाचा गणिती पाया टेलिफोनच्या क्षेत्रात घातला गेला. लांब पल्ल्याच्या तारांवरून अनेक संभाषणे एकाच वेळी पाठवण्यासाठी जॉर्ज कॅम्पबेल व ओटो झोबेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात फिल्टरचा सिद्धांत विकसित केला होता. २७ एप्रिल १९३३ रोजी फिलाडेल्फिया येथील वाद्यवृंदाचे वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवण्यात आले, त्या प्रसंगी बेल प्रयोगशाळेने दोन भागांत विभागलेले लाउडस्पीकर वापरले होते. पुढे चित्रपटगृहांच्या गरजेतून हे तंत्र हॉलिवूडमध्ये रुजले आणि १९३६ मध्ये जॉन हिलियार्ड व हॅरी किंबल यांनी विभाजक मंडलांची रीतसर मांडणी केली.

टेलिफोनच्या सिद्धांतात फिल्टरच्या पलीकडे जोडलेला भार हा शुद्ध, स्थिर रोध आहे असे गृहीत धरलेले असते. लाउडस्पीकर असा भार कधीच नसतो. त्याचा विद्युत्-अवरोध वारंवारतेनुसार वरखाली होतो, शंकूला स्वतःचे अनुनाद असतात, काही सुरांवर तो अधिक जोराने बोलतो तर काहींवर दबतो. त्यामुळे पुस्तकी सूत्राने काढलेल्या किमतींचा क्रॉसओव्हर प्रत्यक्षात क्वचितच समाधान देतो. कुशल अभियंता विशिष्ट वूफर व विशिष्ट ट्वीटर यांचे दोष मोजतो आणि त्या दोषांवर उतारा म्हणून मंडलाची रचना करतो. संपादकाने केलेल्या दुरुस्त्या मूळ हस्तलिखिताशिवाय वाचल्या तर त्यांचा अर्थ लागत नाही. क्रॉसओव्हरचेही तसेच आहे. तो ज्या दोन शंकूंसाठी लिहिला गेला त्यांच्यापासून त्याला वेगळे काढता येत नाही. पुढील विवेचनात हा मुद्दा वारंवार येणार आहे.

एलएस३/५ कडून एलएस३/५ए कडे :

बीबीसीच्या संशोधन विभागात १९६० च्या दशकाच्या अखेरीस ध्वनिप्रतिकृतींवर काम चालू होते. नवा स्टुडिओ बांधण्यापूर्वी त्याची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती तयार करायची, ध्वनीची वारंवारताही त्याच प्रमाणात आठपट वाढवायची आणि प्रत्यक्ष स्टुडिओत आवाज कसा येईल याचा आधीच अंदाज घ्यायचा, अशी ती योजना होती. या प्रयोगासाठी छोटा पण अचूक लाउडस्पीकर लागत असे. त्यातूनच बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये वापरता येईल अशा लहान मॉनिटरची कल्पना पुढे आली. गाडीत जागा अपुरी, मोठा मॉनिटर मावत नाही, आणि निर्मात्याने तासन्‌तास हेडफोन लावून बसावे हेही सोयीचे नाही, अशी ती साधी गरज होती. बीबीसीच्या नामकरण पद्धतीत ‘एलएस३’ ही खूण बाह्य प्रक्षेपणाच्या लाउडस्पीकरची, तर ‘एलएस५’ ही स्टुडिओतील लाउडस्पीकरची होती.

या लाउडस्पीकरसाठी केंट परगण्यातील मेडस्टोन येथील केईएफ या कंपनीचे दोन भाग निवडण्यात आले : बी११० हा बेक्स्ट्रिन या प्लास्टिकच्या शंकूचा वूफर आणि टी२७ हा ट्वीटर. केईएफचे संस्थापक रेमंड कुक हे स्वतः पूर्वी बीबीसीत काम केलेले होते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीत वरील दोन्ही भागांचे अभिकल्पन माल्कम जोन्स यांनी केले होते. हे नाव पुढे पुन्हा येईल.

एलएस३/५ चे मोजकेच नमुने तयार झाले. नियमित उत्पादनाची वेळ आली तेव्हा असे आढळले की केईएफने दरम्यानच्या काळात आपल्या भागांच्या घडणीत बदल केले आहेत आणि नव्या भागांवर जुना क्रॉसओव्हर अपेक्षित आवाज देत नाही. तेव्हा १९७४ मध्ये बीबीसीच्या अभिकल्पन विभागाने, मुख्यतः मॉरिस व्हॅटन यांनी, क्रॉसओव्हरची नव्याने मांडणी केली. नावाच्या शेवटी लागलेला ‘ए’ हा या फेरमांडणीची निशाणी आहे. १९७६ मध्ये एच. डी. हारवुड, एम. ई. व्हॅटन आणि आर. डब्ल्यू. मिल्स यांच्या नावे बीबीसीचा संशोधन अहवाल प्रसिद्ध झाला. आजही या विषयाचा तो प्रमुख आधार आहे.

म्हणजेच संग्राहक आज ज्याला ‘अस्सल’ म्हणून जपतात, तो एलएस३/५ए मुळातच बदललेल्या क्रॉसओव्हरमुळे जन्माला आला. त्याच्या आधीचे रूप केवळ दोन वर्षांत कालबाह्य झाले होते. शंकू बदलले म्हणून क्रॉसओव्हर बदलावा लागला, आणि तसे केल्यानेच आवाज टिकला.

नव्या मंडलाला बीबीसीच्या पद्धतीनुसार एफएल६/२३ असा क्रमांक होता. यातील ‘एफएल’ म्हणजे फिल्टर. सुमारे ३० सेंटिमीटर उंच, १९ सेंटिमीटर रुंद आणि १६ सेंटिमीटर खोल अशा बंद खोक्यातील हे मंडल त्या काळच्या घरगुती लाउडस्पीकरांच्या तुलनेत बरेच गुंतागुंतीचे होते. वूफर व ट्वीटर यांची विभागणी सुमारे ३ किलोहर्ट्झवर होत असे. त्याखेरीज बी११० च्या आवाजात मध्यसप्तकाच्या वरच्या अंगाला येणारा उंचवटा खाली आणण्यासाठी मंडलाचा एक स्वतंत्र भाग खर्ची घातला होता. सर्वांत लक्षणीय भाग म्हणजे ट्वीटरच्या मार्गातील ऑटोट्रान्सफॉर्मर. त्याला अनेक टॅप होते. कोणताही टी२७ दुसऱ्या टी२७ इतका तंतोतंत संवेदनशील नसतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक लाउडस्पीकर संदर्भ-नमुन्याशी ताडून पाहत आणि योग्य त्या टॅपवर जोडतार डाखून पातळी जुळवत. एवढ्या सुधारणांची किंमत संवेदनशीलतेत मोजावी लागली. सुमारे ८२.५ डेसिबल ही त्याची पातळी कमीच म्हटली पाहिजे. गाडीत कानाजवळ ठेवून ऐकायच्या उपकरणाला ती पुरेशी होती.

बीबीसीने स्वतः याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले नाही. रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, रॅम, स्पेंडर, हार्बेथ, गुडमन्स अशा निरनिराळ्या कंपन्यांना वेगवेगळ्या काळात परवाने देण्यात आले. परवान्याची अट अशी की कोणत्याही कंपनीचा लाउडस्पीकर बीबीसीच्या नमुन्याशी जुळला पाहिजे. ही अट किती बारकाईने पाळावी लागत असे याचे एक उदाहरण अहवालाच्या काळातीलच आहे. खोक्याच्या आतील कोपऱ्यांतील पट्ट्या बीच लाकडाच्या असायच्या. त्या जागी पाराना पाइनच्या पट्ट्या वापरल्या गेल्या तेव्हा आवाजात फरक पडला आणि त्याचे मूळ शोधत शोधत तपास या पट्ट्यांपर्यंत पोचला. लाकडाची बोटभर जाडीची पट्टी जिथे ‘समतुल्य’ ठरू शकली नाही, तिथे कपॅसिटरच्या समतुल्यतेविषयी सहज बोलणाऱ्यांनी थोडे थांबायला हवे.

१९८७ ची फेरमांडणी :

एलएस३/५ए चे उत्पादन दहा-बारा वर्षे चालल्यानंतर बी११० मध्ये हळूहळू विचलन झाल्याचे लक्षात आले. शंकूच्या कडेची लवचिक पट्टी पूर्वी निओप्रिनची होती, पुढे ती पीव्हीसीची झाली. उत्पादनातील इतरही बारीकसारीक फरकांची बेरीज होत गेली. संदर्भ-नमुन्याशी मेळ बसवणे कठीण झाले. बीबीसीपुढे दोन मार्ग होते : केईएफला जुनाच बी११० बनवायला लावणे, किंवा आजचा बी११० प्रमाण मानून क्रॉसओव्हर बदलणे. दुसरा मार्ग स्वीकारण्यात आला. १९८७ पासून नव्या क्रॉसओव्हरची आवृत्ती आली आणि वूफर, ट्वीटर व क्रॉसओव्हर संगणकाच्या साहाय्याने जुळवून एकत्रित संच म्हणून परवानाधारकांना देण्याची पद्धत केईएफने स्वीकारली. लाउडस्पीकरचा नाममात्र अवरोध आधी १५ ओहम होता, तो आता ११ ओहम झाला.

संग्राहकांच्या जगात या दोन आकड्यांवरून दोन तट पडले आहेत. १५ ओहमचा तोच खरा, ११ ओहमचा हा उत्तरकालीन, असे मानणारा वर्ग मोठा आहे आणि जुन्या जोड्यांच्या किमतींवर त्याचा परिणाम होतो. विशेषतः सोनेरी नामपट्टीच्या आरंभीच्या रॉजर्स जोड्यांना फार मागणी असते. बीबीसीच्या दृष्टीने मात्र दोन्ही आवृत्त्यांचे नाव एकच राहिले, कारण दोन्हींचे उद्दिष्ट एकच आवाज हे होते. येथे ‘मूळ’ या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर येतात. संग्राहक भागांच्या मूळपणाकडे पाहतो. संस्था कार्याच्या मूळपणाकडे पाहत होती. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे. जुन्यातली जुनी पोथी हीच कवीच्या वचनाच्या सर्वांत जवळ असेल असे नाही, हे तो जाणतो. आणि तरीही पोथीतील एकही पान फाडून टाकायला तो तयार होत नाही.

१९८७ च्या निर्णयाचा आणखी एक परिणाम दुरुस्ती करणाऱ्यांना आजही भोगावा लागतो. जुन्या १५ ओहमच्या खोक्यातील बी११० निकामी झाला आणि त्या जागी नंतरच्या काळातील बी११० बसवला, तर बाहेरून काहीही फरक दिसत नाही. नाव तेच, आकार तोच, स्क्रूची भोकेही त्याच ठिकाणी. परंतु आतील एफएल६/२३ हा जुन्या शंकूचे दोष दुरुस्त करत राहतो, आणि ते दोष नव्या शंकूत तसेच्या तसे नसतात. बाहेरून पूर्ण ‘अस्सल’ दिसणारी अशी जोडी प्रत्यक्षात कोणत्याच काळातील एलएस३/५ए सारखी वाजत नाही.

वापरणाऱ्यांनी केलेला बदल – अल्टेक ६०४ :

एलएस३/५ए मध्ये बदलाचा अधिकार एका संस्थेकडे होता. अमेरिकेत याच काळात नेमके उलट घडत होते. अल्टेक लान्सिंगचा ६०४ हा १९४० च्या दशकातील पंधरा इंची लाउडस्पीकर. वूफरच्या मध्यातून ट्वीटरचा कर्णा बाहेर काढलेला, त्यामुळे दोन्ही आवाज एकाच अक्षावरून येत. अनेक अमेरिकी रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये तो प्रमाण मॉनिटर बनला होता. त्याच्या कारखानी क्रॉसओव्हरविषयी मात्र ध्वनिमुद्रकांचे समाधान नव्हते. ट्वीटरचा पडदा वूफरच्या शंकूपेक्षा बराच मागे, चुंबकाच्या पाठीशी असल्यामुळे वरचे सूर किंचित उशिरा पोचत आणि दोन भागांच्या सांध्यावर आवाज विस्कटत असे.

डग सॅक्स यांनी १९६७ मध्ये हॉलिवूड येथे द मास्टरिंग लॅब हा स्टुडिओ काढला. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांचे बंधू शेरवुड सॅक्स यांनी ६०४ साठी वेगळा क्रॉसओव्हर तयार केला. तो इतर स्टुडिओंनीही आपल्या ६०४ ला जोडला आणि बघता बघता एक स्वतंत्र प्रमाण निर्माण झाले. पुढे १९७७ च्या सुमारास युरेई या कंपनीने ८१३ हा मॉनिटर आणला. त्यात अल्टेकचाच ६०४ होता. कर्णा बदललेला आणि क्रॉसओव्हर एड लाँग यांच्या ‘टाइम अलाइन’ तत्त्वावर मांडलेला, म्हणजे वूफरच्या संकेताला मंडलातच थोडा विलंब देऊन दोन्ही आवाज एकाच वेळी कानावर पडतील अशी योजना केलेला. १९७६ मध्ये सिगफ्रिड लिंक्वित्झ यांनी दोन शंकू एका जागी नसताना क्रॉसओव्हर कसा मांडावा याचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, तेही याच प्रश्नाशी निगडित होते. निरनिराळ्या ठिकाणी एकाच दशकात हा प्रश्न ऐरणीवर आला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

अशा परिस्थितीत एखाद्या संग्राहकाने ६०४ च्या खोक्यातील मास्टरिंग लॅबचा क्रॉसओव्हर काढून ‘मूळ’ अल्टेकचा क्रॉसओव्हर पुन्हा बसवला, तर त्याने जीर्णोद्धार केला की पुरावा नष्ट केला? तो विशिष्ट लाउडस्पीकर १९७० च्या दशकात एखाद्या स्टुडिओत वापरला गेला असेल, तर तिथे घेतलेले सारे निर्णय — आवाज किती जाड ठेवायचा, झांज किती पुढे आणायची — हे बदललेल्या क्रॉसओव्हरमधून ऐकून घेतलेले आहेत. कारखान्यातून बाहेर पडतानाच्या स्थितीला इतिहासात जो विशेष मान दिला जातो, तो या उदाहरणात गैरलागू ठरतो. येथे नंतरचा बदल हाच इतिहास आहे.

कपॅसिटरचे वय :

वरील दोन्ही उदाहरणांत बदल जाणीवपूर्वक केलेले होते. बहुसंख्य जुन्या लाउडस्पीकरांमध्ये मात्र कोणी काही न करताही क्रॉसओव्हर बदलत असतो. १९६० व १९७० च्या दशकांतील अनेक घरगुती लाउडस्पीकरांत खर्च वाचवण्यासाठी दुध्रुवी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरले गेले. त्यांतील द्रव हळूहळू सुकतो, धारकता बदलते, अंतर्गत रोध वाढतो. समजा, ८ ओहमच्या ट्वीटरला ६.६ मायक्रोफॅरडचा एकच कपॅसिटर जोडला आहे. गणितानुसार त्याची सीमा सुमारे ३,००० हर्ट्झवर येते. तोच कपॅसिटर कालांतराने ५ मायक्रोफॅरडवर आला, तर सीमा सुमारे ४,००० हर्ट्झवर सरकते. मधल्या पट्ट्यात आवाज खंगतो. प्रत्यक्ष मंडल याहून गुंतागुंतीचे असल्याने परिणामही अधिक गुंतागुंतीचा होतो.

असा कपॅसिटर बदलू नये असे कोणीही म्हणणार नाही. १९७० च्या दशकापर्यंतच्या काही तेलभरित कपॅसिटरमध्ये तर पीसीबी हे घातक रसायन असे, ज्याचे उत्पादन अमेरिकेत १९७९ मध्ये बंद करण्यात आले. तेथे बदली हा आरोग्याचाच प्रश्न आहे. खरा वाद त्यापुढे सुरू होतो. जुन्या इलेक्ट्रोलिटिकच्या जागी बहुधा पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा कपॅसिटर बसवला जातो. तो दीर्घकाळ टिकतो, त्याचे नुकसान-प्रमाण नगण्य असते, म्हणून तो ‘अधिक चांगला’. परंतु जुन्या कपॅसिटरचा अंतर्गत रोध, नवा असतानाही, शून्य नव्हता. तो समजा १ ओहम असेल, तर ८ ओहमच्या ट्वीटरला मिळणारी पातळी त्यामुळे सुमारे १ डेसिबलने खाली राहत होती. आणि अभियंत्याने कानाने व मापाने जी तोलणी केली ती या १ डेसिबलसकट केली होती. उत्तम कपॅसिटर बसवताच ट्वीटर तेवढा चढतो. ऐकणाऱ्याला तपशील उजळल्यासारखा वाटतो आणि तो नव्या भागाचे गुण गातो. प्रत्यक्षात तोल बिघडलेला असतो. जाणकार दुरुस्तीकार अशा वेळी नव्या कपॅसिटरबरोबर लहानसा रेझिस्टर मालिकेत जोडतात. ‘सुधारणे’चा मोह आवरून मुद्दाम दोष परत आणण्याची ही पद्धत वरवर विचित्र वाटली तरी इतिहासाच्या दृष्टीने तीच योग्य आहे.

कॉइलबाबतही असेच घडते. लोखंडी गाभ्याची कॉइल काढून जाड तारेची हवेच्या गाभ्याची कॉइल बसवली की चुंबकीय विकृती कमी होते, हे खरे. परंतु हवेच्या गाभ्यावर तेवढीच प्रवर्तकता मिळवायला तार अधिक लागते, तिचा रोध बदलतो. अर्ध्या ओहमच्या फरकाने ८ ओहमच्या वूफरची पातळी अर्ध्या डेसिबलने हलते आणि बंद खोक्यातील खर्जाचा ताबाही बदलतो. एफएल६/२३ मधील कॉइल गाभ्यावर गुंडाळलेल्या होत्या. त्यांचा रोध हा मंडलाच्या हिशोबातच धरलेला होता. शिवाय मोठ्या उघड्या कॉइल शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांची क्षेत्रे एकमेकींत मिसळतात. पाच लिटरच्या खोक्यात त्यांना दूर ठेवायला जागाच नसते.

हे सारे मोजता येते, आणि आज घरच्या संगणकावरही मोजता येते. १९८० च्या दशकापर्यंत असे मापन मोठ्या प्रयोगशाळेतच शक्य होते. वापरणाऱ्याजवळ केवळ कान होते. त्या काळात झालेले हजारो बदल केवळ ऐकीव पसंतीवर झाले, यात त्यांचा दोष नाही. आज मात्र बदलापूर्वीचे व नंतरचे आलेख न काढता क्रॉसओव्हर बदलणे समर्थनीय ठरत नाही.

पुनर्निर्मितीचे दोन मार्ग :

केईएफने बी११० व टी२७ यांचे उत्पादन १९९० च्या दशकात थांबवल्यानंतर एलएस३/५ए चा प्रश्न तीव्र झाला. त्यावर दोन भिन्न उत्तरे मिळाली. स्टर्लिंग ब्रॉडकास्ट या कंपनीने २००० च्या दशकात दुसरेच वूफर व ट्वीटर घेऊन, जुन्या लाउडस्पीकरच्या आवाजाशी मिळतीजुळती आवृत्ती काढली. तिचा क्रॉसओव्हर डेरेक ह्यूज यांनी मांडला. त्यांचे वडील स्पेन्सर ह्यूज हे बीबीसीच्या बेक्स्ट्रिन संशोधनातील प्रमुख अभियंता आणि स्पेंडर कंपनीचे संस्थापक. येथे एकही भाग जुना नाही. जपला गेला तो आवाजाचा आराखडा. १९८७ मध्ये बीबीसीने जो मार्ग घेतला, त्याचेच हे पुढचे पाऊल मानता येईल.

दुसरे उत्तर फाल्कन अकूस्टिक्सचे. ही कंपनी माल्कम जोन्स यांनी १९७२ मध्ये स्थापन केली होती. बी११० व टी२७ ज्यांच्या हातून घडले, त्यांच्याच कंपनीने ते दोन्ही भाग नव्याने घडवले आणि २०१४ मध्ये १५ ओहमचा, एफएल६/२३ च्या मांडणीचा एलएस३/५ए बीबीसीच्या परवान्याने बाजारात आणला. जुन्या क्रॉसओव्हरला पुन्हा अर्थ यावा म्हणून त्याचे शंकूच परत आणण्याचा हा प्रयत्न होता. खर्चाच्या व श्रमाच्या दृष्टीने हा मार्ग अवघड. पण क्रॉसओव्हर आणि शंकू यांचे नाते त्यात नीट ओळखलेले दिसते.

क्रॉसओव्हर – एक दस्तऐवज :

जुन्या जोड्यांच्या मालकांना या दोन्ही मार्गांचा थेट उपयोग नाही. त्यांच्याकडे असलेला लाउडस्पीकर चाळीस-पन्नास वर्षांचा असतो. शंकूच्या कडा ताठरलेल्या, कपॅसिटर सरकलेले. भाग नवे आणि किमती मूळच्याच घातल्या तरी मूळ आवाज परत येईल याची खात्री देता येत नाही, कारण शंकू आता मूळ राहिलेले नसतात. स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहातील अमेरिकन अकूस्टिक रिसर्चच्या एआर-३ पुढे हा प्रश्न नाही. त्याने काचेआड शांत राहावे एवढीच अपेक्षा आहे. याच एआर-३ च्या घरोघरच्या जोड्यांमध्ये ट्वीटरची पातळी ठरवणारे पोटेन्शियोमीटर गंजून जातात आणि मालकांना ते बदलण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याला वापरायचे आहे त्याने बदल करावा, यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही.

आक्षेप घ्यावा लागतो तो नोंदीच्या अभावाबद्दल. काढलेला बोर्ड कचऱ्यात जातो आणि त्याबरोबर तो विशिष्ट लाउडस्पीकर कसा जुळवला गेला होता, ही माहितीही जाते. एफएल६/२३ च्या बाबतीत हे नुकसान विशेष जाणवण्याजोगे आहे. बीबीसीचा अहवाल उपलब्ध आहे, मंडलाचा आराखडा उपलब्ध आहे, कपॅसिटरच्या किमती कोणालाही पाहता येतात; त्यामुळे बोर्डावरचे जवळजवळ सारे काही पुन्हा तयार करता येते. अपवाद एकच. ऑटोट्रान्सफॉर्मरच्या कोणत्या टॅपवर जोडतार डाखलेली होती, हे कोणत्याही आराखड्यात सापडत नाही. ती निवड कारखान्यातील एका तंत्रज्ञाने त्या एकाच वूफर-ट्वीटरच्या जोडीसमोर, संदर्भ-नमुना शेजारी ठेवून केलेली असते आणि ती फक्त त्या बोर्डावर असते. बोर्ड उतरवण्यापूर्वी त्या जोडतारेचे छायाचित्र घेऊन ते लाउडस्पीकरच्या अनुक्रमांकासह जपून ठेवले, तर पुढील अभ्यासकाला ती निवड निदान वाचता तरी येईल.